कारहार्टची डक पँट आणि चोअर कोट: नावाची पट्टी बाजूला ठेवून केलेलं परीक्षण

कारहार्ट ही कामाचे कपडे बनवणारी अमेरिकन कंपनी. तिची जाड डक कापडाची, म्हणजे कॅनव्हाससारख्या घट्ट सुती कापडाची, पँट नवी कोरी असते तेव्हा तिची नीट घडीसुद्धा बसत नाही. कापड ताठ, कडा बोचऱ्या, गुडघा वाकवला की मागच्या बाजूला टोकदार चुण्या. दुकानात घालून पाहणारं गिऱ्हाईक बरेचदा तिथेच ती खाली ठेवतं आणि शेजारची मऊ, ताणली जाणारी पँट उचलतं. कंपनी दोन्ही विकते आणि दोन्हींवर नाव तेच असतं. हे परीक्षण त्या ताठ पँटच्या आणि तिच्या जोडीच्या चोअर कोटाच्या, म्हणजे अंगमेहनतीच्या कामात घालायच्या कोटाच्या, बाजूने आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांत या कंपनीने जे काही टिकाऊ केलं ते कापड आणि शिवण या दोनच गोष्टींत केलं. नुसती पट्टी पाहून पैसे टाकले तर निराशा पदरी पडू शकते; कापड आणि शिवण पाहून घेतलं तर सहसा पडत नाही.

हॅमिल्टन कारहार्ट यांनी 1889 मध्ये डेट्रॉइटला कारखाना काढला तेव्हा भांडवल म्हणजे दोन शिलाई मशिनं, अर्ध्या अश्वशक्तीची एक विजेची मोटर आणि पाच कामगार. सुरुवातीला माल खपेना. मग ते रेल्वेच्या कामगारांकडे गेले, त्यांना काय हवंय ते विचारलं आणि त्याप्रमाणे बिब ओव्हरऑल, म्हणजे छातीपर्यंत येणारी आणि खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरलेली पँट, शिवायला घेतलं. हा निर्णय किती नेमका होता ते त्या कामाकडे पाहिलं की कळतं. भट्टीत कोळसा ढकलणारा फायरमन दिवसभर कंबरेत वाकतो. पट्टा लावला तर पोटात रुततो. ओव्हरऑलचं वजन खांद्यावर जातं आणि कंबर मोकळी राहते. छातीवरच्या खिशात घड्याळ बसतं, ते पडू नये म्हणून साखळीसाठी काज असतं. मांडीवरचा अरुंद खिसा मोजपट्टीसाठी, बाजूचा पट्टा हातोडीसाठी. आजच्या कारहार्ट बिबवरही ही मांडणी जवळपास तशीच दिसते, कारण वाकणाऱ्या माणसाचं शरीर बदललेलं नाही.

एक जुळलेली गोष्टही सांगायला हवी. खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे शिवण पक्की धरणारे छोटे खिळे, ठोकण्याचं पेटंट रेनोचे शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचे लीव्हाय स्ट्रॉस यांना 20 मे 1873 रोजी मिळालं होतं. त्याची मुदत 1890 मध्ये संपली. म्हणजे कारहार्टचा कारखाना उभा राहत होता त्याच सुमारास रिव्हेट सगळ्यांना खुले झाले. रिव्हेटच्या जोरावर वेगळं दिसणं आता कुणालाच शक्य नव्हतं. उरलं ते कापड, बेतणं आणि शिलाई. ‘प्रामाणिक डॉलरला प्रामाणिक मोल’ या अर्थाचं घोषवाक्य कारहार्टने लावलं आणि युनियनच्या कामगारांनी शिवलेला माल म्हणून तो खपवला. गिऱ्हाईक स्वतःच युनियनचं असल्याने त्या शिक्क्याला दुकानात वजन होतं.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कंपनी झपाट्याने पसरली. अटलांटा, डॅलस, सॅन फ्रान्सिस्को, सीमेपलीकडे कॅनडा, थेट लिव्हरपूल आणि पॅरिसपर्यंत. दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिलला आणि जॉर्जियात स्वतःच्या कापड गिरण्याही घेतल्या. 1910 ते 1912 या काळात मोटारगाड्या बनवण्याचाही उद्योग करून पाहिला. तो टिकला नाही. गिरणी ताब्यात असण्याचा फायदा उघड आहे: सूत किती पिळाचं, वीण किती घट्ट, हे शिवणाऱ्यालाच ठरवता येतं. तोटा 1920 नंतर दिसला. त्या वर्षी अमेरिकेत कापसाचे भाव काही महिन्यांत कोसळले, आणि गिरणीवाल्याच्या गोदामात पडलेला माल महागात घेतलेल्या कापसाचा होता. त्यातून सावरतात तोच महामंदी आली. पसारा आवरून कंपनी मोजक्या कारखान्यांवर आली. केंटकीतल्या अर्विन या छोट्या गावातला कारखाना याच काळातला, 1932 चा. हॅमिल्टन कारहार्ट 1937 मध्ये मोटार अपघातात गेले आणि मुलगा वायली यांच्याकडे धंदा आला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे कव्हरऑल (नेहमीच्या कपड्यांवर घालायचे अंगभर सलग कपडे), पॅसिफिकमधल्या मरीन सैनिकांचे जंगल सूट आणि कारखान्यांत कामाला आलेल्या स्त्रियांचे कपडे इथे शिवले गेले.

कंपनी आजही कुटुंबाच्या मालकीची आहे, शेअर बाजारात नाही, आणि माझ्या मते कापडाच्या बाबतीत तिने जो हट्ट धरला त्याचं मोठं कारण हेच असावं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सूत्रं हॅमिल्टन यांच्या नातजावयाकडे, रॉबर्ट वलाड यांच्याकडे आली, पुढे त्यांचा मुलगा मार्क यांच्याकडे. नात ग्रेचेन कारहार्ट वलाड यांचं नाव डेट्रॉइटमध्ये जॅझ संगीतासाठी जास्त घेतलं जातं. मॅक अ‍ॅव्हेन्यू ही रेकॉर्ड कंपनी त्यांनीच काढलेली, आणि शहराचा जॅझ महोत्सव त्यांच्या पैशाने तगला.

आता कापडाकडे. ज्याला कंपनी ‘फर्म डक’ म्हणते ते शंभर टक्के सुती, चौरस यार्डाला 12 औंसांचं कापड आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 407 ग्रॅम. डेनिमची वीण तिरकस असते, डकची साधी: आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून, आणि सगळं ठासून बसवलेलं. म्हणून ते वारा अडवतं, काटे-कुसळं वरच्या वर सरकतात आणि लोखंडाची धार सहज आत शिरत नाही. पण याच घट्टपणाची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. तिरकस विणीत एखादी जागा फाटायला लागली की आजूबाजूचे धागे सरकून एकत्र होतात आणि मिळून ताण घेतात. डकमध्ये धाग्याला सरकायला जागाच नसते, त्यामुळे ते एकेक करून तुटत जातात. खिळ्यावर अडकून एकदा भोक पडलं आणि तसंच काम चालू ठेवलं, तर डक सरळ रेषेत टरकन फाटत जातं. बोटभर भोक दिसलं की त्याच दिवशी टाका घालायचा, हा नियम डेनिमपेक्षा इथे जास्त कडक आहे.

दुसरी अडचण चुण्यांची. ताठ कापड वाकतं तिथे धाग्यांचे उंचवटे बाहेर येतात आणि नेमके तेच घासले जातात. नव्या डकवर पहिल्या दोन-तीन धुण्यांत ज्या फिकट रेषा उमटतात त्या यामुळे. अनेकांना वाटतं रंग कच्चा आहे. प्रत्यक्षात मशिनमध्ये कोंबल्यामुळे एकच चुणी तासभर घासली गेलेली असते. पँट पहिल्यांदा धुताना उलटी करावी, चेन लावावी, कोमट पाण्यात अर्धा तास सपाट भिजू द्यावी आणि मग मशिनमध्ये इतर कपड्यांची गर्दी न करता टाकावी. द्रव साबण बरा, कारण पावडर पूर्ण विरघळली नाही तर चुण्यांत अडकून पांढरे पट्टे ठेवते. ब्लीच अजिबात नको. मऊ करणारं फॅब्रिक सॉफ्टनरही नको. त्याने धाग्यावर पातळ थर बसतो आणि कापड घाम टिपेनासं होतं. डक मऊ होतं ते घालून आणि धुऊन, दुसरा जवळचा रस्ता नाही. तो ताठपणा अजिबातच सोसत नसेल तर कारखान्यातच धुतलेलं ‘वॉश्ड डक’ मिळतं. हाताला ते पहिल्या दिवसापासून बरं लागतं, मात्र तेवढी झीज आधीच झालेली असते हे लक्षात ठेवावं.

तेलाचे डाग असतील तर धुण्याआधी पंधरा मिनिटं भांडी घासायचा द्रव साबण चोळून ठेवावा. थिनर किंवा पेट्रोल सांडलेला कपडा, धुतल्यावर वास येत असेल तोवर, गरम ड्रायरमध्ये कधीच घालू नये. तो पेट घेऊ शकतो.

मापाबद्दल. ही पँट ढगळ बेताची आहे आणि खऱ्या कंबरेवर, म्हणजे नाभीच्या थोडं खाली बसावी असं तिचं गणित आहे. ती कुल्ल्यांवर उतरवून घालणाऱ्यांचीच पँट जांघेत लवकर उसवते. पँट खाली उतरली की दोन पायांचा जोडही खाली येतो, आणि प्रत्येक मोठ्या पावलाला त्या जोडावर तरफेसारखा ताण पडतो. दुसरं म्हणजे आटणं. सुती कापड नुसतं तीन टक्के आटलं तरी 32 इंच लांबीत जवळपास एक इंच जातो. म्हणून लांबीत एक इंच वाढवूनच घ्यावी आणि मोहरी आखूड करायची झाल्यास किमान तीन धुण्यांनंतर करावी. कंबर मात्र आहे तीच घ्यावी. वापरून ती थोडी सैल होते.

दुहेरी पुढचा भाग हा या पँटचा खरा मानबिंदू. मांडीपासून गुडघ्याच्या बरंच खालपर्यंत कापडाचा दुसरा थर शिवलेला असतो आणि त्याच्या खालच्या कडेला फट ठेवलेली असते. ही फट दोन कामांसाठी. एक, गुडघ्याचा पॅड आत सरकवायला. दोन, दोन थरांमध्ये शिरलेली वाळू, भुसा, लोखंडाचा कीस बाहेर झटकायला. दुसरं काम बहुतेकजण करत नाहीत आणि मग दोन्ही थर आतून झिजतात, कारण अडकलेली वाळू प्रत्येक वाकण्यात पॉलिश पेपरचं काम करते. धुण्याआधी पँट उलटी धरून, फट बोटाने उघडून, जोरात चार झटके द्यावेत. पॅड गुडघ्यावर बसत नाही अशी तक्रार ऐकू येते. त्यातही कारण बरेचदा कंबरच असते. पँट दोन इंच खाली घातली की पॅडही दोन इंच खाली जातो आणि नडगीवर टेकतो. मोहरी कापून हा दोष जात नाही. पॅड पातळ फोमचा असावा; जाड पॅडने ताठ कापड फुगून शिवणीवर ताण येतो.

या दुहेरी थराचे तोटेही खरे आहेत. उन्हाळ्यात मांड्यांना गरम होतं. भिजली तर एकेरी पँटच्या मानाने वाळायला खूप वेळ लागतो. आणि वरचा थर जिथे संपतो त्या जाड कडेच्या लगत खाली, नडगीवरचं एकेरी कापड आधी विरतं, कारण जाड आणि पातळ यांच्या सीमेवर वाकण्याचा सगळा ताण एकाच रेषेत येतो. बसून करायच्या कामाला किंवा सतत शिडी चढणाऱ्याला ही पँट नको. फरशी बसवणारा, वेल्डरचा मदतनीस, सुतार, कुंपण घालणारा, गुडघ्यावर टेकून काम करणारा कुणीही, त्याच्यासाठी ती केलेली आहे.

शिवण तपासायची ती अशी. पँट उलटी करा आणि मुख्य शिवणी पाहा. दोन्ही कापडांच्या कडा एकमेकांत दुमडून त्यावर समांतर तीन ओळी टाके घातलेले दिसले पाहिजेत. आतल्या बाजूला हे टाके साखळीसारखे दिसतात. साखळी टाक्याचा गुण म्हणजे तो थोडा ताणला जातो, त्यामुळे उकिडवं बसताना धागा तटकन तुटत नाही. अवगुण असा की एक टोक सुटलं आणि योग्य बाजूने ओढलं गेलं तर अख्खी ओळ सरसर उसवते. तीन ओळी ठेवण्याचं कारण इथेच आहे: एक गेली तरी उरलेल्या दोन कपडा धरून ठेवतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. लोंबता धागा दिसला तर ओढू नये. थोडा मोकळा ठेवून गाठ मारावी आणि मग कापावा.

सगळ्यांत नाजूक जागा जांघेतली, जिथे चार शिवणी एकत्र येतात. दुमडलेल्या कडांचे थर तिथे एवढे जाड होतात की शिलाई मशिनची सुई कधीकधी टाका चुकवते. दुकानात ही जागा उजेडात धरा, दोन्ही हातांनी ताणा आणि आतली साखळी बोटाने तपासा. एक कडी गायब असेल किंवा टाका लांबलचक दिसत असेल तर ती पँट ठेवून दुसरी घ्या. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन पँटमध्येही हा फरक सापडतो. आज कारहार्टचा बराच माल अमेरिकेबाहेर शिवला जातो, काही माल केंटकी आणि टेनेसीमध्ये. देशाच्या नावावरून शिवणीचा निकाल लावणारे खूप भेटतात, पण तो चार शिवणींचा जोड पट्टीपेक्षा जास्त खरं सांगतो.

चोअर कोट हा या घराण्याचा दुसरा जुना माल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपासून चालत आलेला. मांड्यांपर्यंत लांब, पुढे वरून शिवलेले चार मोठे पॅच खिसे, कॉर्डुरॉयची कॉलर. धडाला ब्लँकेटसारखं अस्तर आणि बाह्यांना गुळगुळीत क्विल्ट केलेलं नायलॉनचं अस्तर. दोन ठिकाणी दोन अस्तरं असण्यामागे विचार आहे: लोकरी स्वेटरवर कोट चढवताना बाहीत ब्लँकेट असतं तर हात अडकला असता. कॉर्डुरॉयची कॉलर मानेला टोचत नाही, आणि डकची कॉलर मानेच्या घडीवर जशी पटकन विरते तशी ती विरत नाही. कॉलरखाली टोपी लावायला बटणं असतात. टोपी वेगळी विकत घ्यावी लागते, हे आधी माहीत असलेलं बरं.

हा कोट आधी कुठे जातो? बाहीच्या कडेला, मनगटाच्या आतल्या बाजूने. तिथे कापड दुमडलेलं असतं आणि दिवसभर टेबलाला, फळीला, गाडीच्या दाराला घासतं. कड पांढरी पडून धागे दिसायला लागले की सुती पट्टी दुमडून कडेवर शिवावी; हे काम शिंपी चटकन करून देतो आणि कोट कित्येक वर्षं पुढे जातो. दुसरी जागा म्हणजे बगलेतलं अस्तर. डक वापरून सैल होतं, अस्तर होत नाही, म्हणून हात वर केला की अस्तराच्या शिवणीवर ताण येतो. खरेदीच्या वेळी आत जाड स्वेटर घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. अस्तर ओढल्यासारखं वाटलं तर एक माप मोठा घ्यावा, जरी पोटाजवळ तो ढगळ दिसला तरी. तिसरी गोष्ट धातूची बटणं. ती कापडात खिळ्यासारखी ठोकलेली असतात. कोट ओढून उघडायची सवय असेल तर बटण भोकासकट निघतं. नवं बटण त्याच भोकात ठोकू नये. मागे डकचा छोटा तुकडा शिवून, त्यावर ठोकावं.

बसून गाडी चालवणाऱ्याला चोअर कोट अडचणीचा, कारण खालचा घेर सीटवर गोळा होतो. त्याच्यासाठी कंबरेपर्यंतचं, चेनचं जॅकेट 1950 च्या दशकात आलं, जे आज डेट्रॉइट जॅकेट म्हणून ओळखलं जातं. बेत सुंदर आहे, पण वाकलं की पाठ उघडी पडते. जमिनीवर वाकून काम करणाऱ्याने ते हौसेपोटी घेऊ नये. टोपीचं, कंबरेला आणि मनगटाला विणलेल्या पट्ट्यांचं ‘अ‍ॅक्टिव्ह जॅक’ 1970 च्या दशकातलं. त्याच दशकात अलास्कात 800 मैलांची तेलवाहिनी बांधली गेली आणि तिथल्या कामगारांच्या अंगावर कारहार्टचे गरम अस्तराचे कपडे सगळीकडे दिसले. कंपनीचं नाव शेतकरी-कामगारांच्या बाहेर पोचायला तिथून सुरुवात झाली. पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आणि हिप-हॉपमध्ये ते गेलं. थंडीत हे कपडे उत्तम, पण कोरड्या थंडीत. सुती डक ओलं झालं की जड होतं, वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. पाऊस किंवा ओला बर्फ असेल तर वरून पाणी न शिरणारं काहीतरी घालायलाच हवं.

युरोपात ‘कारहार्ट डब्ल्यूआयपी’ (वर्क इन प्रोग्रेस) नावाने जे विकलं जातं ते वेगळं घर आहे. एडविन आणि सालोमे फेह यांनी जर्मनीतल्या वाइल आम राइन इथून 1989 च्या सुमारास अमेरिकन माल आणायला सुरुवात केली आणि 1994 पासून परवान्यावर स्वतःचे बेत काढले. कापड चांगलं, शिवण नीटस, पण कापणी अंगासरशी आणि उद्देश शहरात घालण्याचा. गुडघ्यावर टेकून दिवस काढायचा असेल तर डब्ल्यूआयपीची अरुंद पँट घेऊन जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही. नेहमीच्या वापराला सुबक कपडा हवा असेल तर अमेरिकन ढगळ पँट आटवून आटवून निराश होण्यापेक्षा ती बरी. दोघांचे मापांचे तक्ते सारखे समजू नयेत.

मूळ कंपनीच्याच ताणल्या जाणाऱ्या ‘रग्ड फ्लेक्स’ मालाबद्दल मत जरा कडक आहे. सुतात थोडं इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा, मिसळलेलं असतं, कापड डकपेक्षा हलकं असतं आणि पहिल्या दिवशी ते खरोखर सुखाचं वाटतं. वायरमन, मालवाहू गाडीचा चालक, दिवसभर शिडीवर असणारा माणूस, यांना ते योग्यही आहे. पण इलॅस्टेनला उष्णता सोसत नाही. गरम ड्रायरमध्ये वारंवार घातलं की ताण परत येईनासा होतो आणि गुडघ्याला पिशव्या पडतात, आणि त्या पुन्हा बसत नाहीत. ठिगळही नीट लागत नाही, कारण मूळ कापड ताणतं आणि ठिगळ ताणत नाही. हाच माल घ्यायचा असेल तर दोरीवर वाळवा. पैशांच्या हिशेबाने डिकीज या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची 874 नंबरची पँट इथे चांगली स्पर्धा करते: 1967 पासूनचा बेत, 65 टक्के पॉलिस्टर आणि 35 टक्के सूत, हलकी, इस्त्री टिकवणारी, झटकन वाळणारी. ठिणग्यांच्या आसपास मात्र पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, तिथे ती नको.

ठिणग्यांवरून एक गंभीर गोष्ट. जाड डक दणकट असतं म्हणून ते आगीपासूनही वाचवतं, असा समज पसरलेला आहे. साधं सुती डक आग रोखत नाही. बारीक ठिणगीने भोक पडून ती विझते, हे खरं, पण ज्वाळेत ते जळतं आणि जळतच राहतं. आतलं नायलॉनचं अस्तर वितळतं. झिजून कडेला सुताचे तंतू निघालेली मोहरी तर ठिणगीला आमंत्रणच. विजेच्या पॅनेलवर किंवा तेल-वायूच्या कामावर अमेरिकेत वेगळे ज्वालारोधक कपडे लागतात. पट्टीवर एफआर (म्हणजे ज्वालारोधक) ही अक्षरं आणि एनएफपीए 2112 किंवा एनएफपीए 70ई या मानकाचा उल्लेख शोधावा. कारहार्टची तशी स्वतंत्र मालिका आहे. ती धुताना ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण वर्ज्य: सॉफ्टनरचा थर स्वतःच जळतो. दुरुस्तीही ज्वालारोधक दोऱ्याने आणि त्याच कापडाने करावी लागते. साधं ठिगळ लावलं तर त्या कपड्यावर सुरक्षेसाठी भरवसा ठेवता येत नाही.

जुना कारहार्ट घेणाऱ्यांसाठी काही खुणा. आतल्या पट्टीवर आरएन 14806 हा क्रमांक असतो. हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक, त्यावरून साल कळत नाही. शंभर वर्षांचा उल्लेख असलेली पट्टी 1989 च्या आसपासची. धुण्याच्या सूचनांची शिवलेली पट्टी अमेरिकेत 1972 पासून बंधनकारक झाली, तेव्हा ती मुळातच नसेल तर कपडा त्याआधीचा असण्याची शक्यता आहे, अर्थात कुणी कापून टाकली नसेल तर. खोट्या मालावरही हा क्रमांक छापलेला सापडतो, म्हणून शेवटी पुन्हा शिवण पाहायची. कंपनी स्वतःसुद्धा ‘रीवर्क्ड’ नावाने वापरलेले कपडे दुरुस्त करून विकते. विक्रेता कुणीही असो, मांड्यांच्या आतला भाग खिडकीच्या उजेडासमोर धरावा. बाहेरून धडधाकट दिसणारं कापड तिथे जाळीसारखं झालेलं असेल तर त्याला फार दिवस उरलेले नाहीत.

दुरुस्ती घरी करायची तर ठिगळासाठी डकच घ्यावं, तेही आधी दोनदा धुतलेलं, नाहीतर ठिगळ नंतर आटून भोवतीच्या कापडाला चुण्या पाडतं. भोकाच्या सगळ्या बाजूंनी किमान एक इंच जास्त कापावं आणि कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपरा आधी सुटतो. मांडीच्या आत ठिगळ आतल्या बाजूने, भोक पडण्याआधीच, कापड विरळ दिसायला लागलं की लावावं. गुडघ्यावर सपाट शिवायला पायाची एक शिवण उसवावी लागते. साखळी टाका असल्याने योग्य टोक सापडलं तर ती ओढून निघते. नाहीच निघाली तर दुसऱ्या टोकाने प्रयत्न करावा, कात्री लावू नये. घरच्या मशिनला 100 किंवा 110 नंबरची सुई, जाड पॉलिस्टरचा दोरा आणि साडेतीन मिलिमीटर लांबीचा टाका लावावा. पाय परत बंद करताना साध्या टाक्याच्या निदान दोन ओळी घालाव्यात. शिवणींचा जाड जोड आला की थांबावं, तो भाग लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून चपटा करावा आणि मग मशिनचं चाक हाताने फिरवत ते चार-पाच टाके काढावेत, नाहीतर सुई तिथेच मोडते.